‘मातुआ’वरची रेघ

मी एक जुना सागवानी ठसा आहे. उज्जैनजवळच्या भैरवगढमध्ये कापडावर छपाई होते, तिथलाच मी. मित्रांनो, पंचवीस वर्षे मी रजयांवर फुले उमटवली. लोक वाखाणत. मग नक्षी झिजली आणि मी फळीवर पडून राहिलो.

गेल्या हिवाळ्यात उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या रजनीताई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा मंदार न्यूझीलंडला असतो आणि त्याची बायको मरामा तिथल्या मूळच्या माओरी समाजातली आहे. तिच्या आईवडिलांना द्यायच्या चादरीवर त्यांना ‘आईवडील’ या अर्थाचा माओरी शब्द हवा होता. कारागीर दिलीपभाईंनी माझी फुले तासली आणि रोमन अक्षरे कोरली.

सुट्टीला आलेल्या मरामाने कारखान्यातच छापलेली चादर पाहिली आणि शब्दावर बोट ठेवले.

“आई, हे ‘मतुआ’ झालं. म्हणजे वडील. आईवडील म्हणजे ‘मातुआ’. पहिल्या ‘a’वर आडवी रेघ हवी, म्हणजे ‘मा’ लांबतो.”

“एवढ्याशा रेघेनं काय बिघडतं गं?”

“रेघ नाही, तर माझी आई नाही.”

मग ती सांगू लागली. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तिचे पूर्वज पूर्व पॉलिनेशियाच्या बेटांवरून, ताऱ्यांच्या खुणेने होड्या हाकत आले. त्यांची भाषा ताहितीच्या भाषेची सख्खी बहीण. फार मागचे मूळ तैवानकडचे. लिपी नव्हती, रोमन अक्षरे मिशनऱ्यांनी दिली. पुढे शाळेत माओरी बोलले म्हणून तिच्या आजोबांना छड्या बसल्या. त्यांनी मुलीला, म्हणजे मरामाच्या आईला, ती भाषा शिकवलीच नाही. मरामा मात्र ‘कोहंगा रेओ’त, म्हणजे ‘भाषेचे घरटे’ म्हणतात त्या बालवाडीत शिकली. आता साठीची आई तिच्याकडून शिकते आहे.

रजनीताई खाली बसल्या. “तीस वर्षं मी मुलांचे ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापले,” त्या म्हणाल्या. “दिलीपभाई, लाइन जोड़ दो.”

“मॅडम, कटी हुई लकड़ी कैसे जुड़ेगी?” दिलीपभाईंनी मला उलटसुलट पाहिले. मग पितळेची बारीक पट्टी कापून माझ्यात ठोकली. दुखले, पण रेघ बसली.

नवी चादर छापली. मरामाने फोनवर आईला दाखवली. पलीकडची बाई अडखळली, थांबली, ओशाळली. रजनीताई शाळेत अडखळणाऱ्या मुलासाठी थांबत, तशा थांबल्या. मग आवाज आला, “मा...तुआ.” ‘मा’ चांगला लांबवलेला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आपल्याच भाषेतला शब्द चाचरत म्हणत असेल, तर हसू नका. त्याचा शब्द पुरा होऊ द्या.