झाकणावरची हळद

माझ्या बायकोचं, ईप्सिताचं, सगळं आयुष्य एका कात्रीभोवती फिरतं. कात्री म्हणजे कॅस्पेस नावाचं प्रोटीन. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत ती कित्येक वर्षं त्याच्या मागे आहे, आणि जेवताना ते पुराण मला ऐकावं लागतं. प्रत्येक पेशीत ही कात्री मिटून पडलेली असते. पेशी बिघडली की कात्रीतला एक दुवा तुटतो, पाती नीट बसतात, धार येते, आणि ती आतलं सगळं कातरून पेशीला गुपचूप संपवते, शेजारणीला धक्काही न लावता. कॅन्सरच्या पेशीत मात्र कात्री झोपूनच राहते. तिला उठवणारं औषध ईप्सिता शोधत होती.

तिचा फेअरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, डिसेंबरात संपणार होता. औषध चाललं तर प्रोफेसरबाई तो वाढवणार, नाहीतर हिनं घरी बसायचं.

खंडेनवमीला, सासूबाईंनी साताऱ्याहून पाठवलेली हळद घेऊन आमच्या बाईसाहेब लॅबमध्ये गेल्या. तिच्या वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप. तिथे त्या दिवशी पान्यापासून ऑइलच्या डब्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. हिनंही यंत्राला लावलं, पिपेटला लावलं, आणि औषधाच्या बाटलीचं झाकण तरी कशाला सोडा?

दुसऱ्या दिवशी यंत्रात ट्रेमधले खण लखलखले. कात्री जागी झाली की द्रव चमकतो, अशी ती चाचणी. प्रोफेसरबाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या. हिनं सासूबाईंना फोन केला, आई, तुझी हळद पावली. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

मग औषधाची नवी बाटली उघडली आणि चमक गायब. हिनं जुन्या बाटलीतलं औषध रिकाम्या खणात टाकून पाहिलं. पेशी नाही, कात्री नाही, तरी चमकतंय. झाकणावरची हळद आत पडली होती, आणि यंत्राच्या प्रकाशात हळद स्वतःच चमकते.

"गप्प बस ना थोडे दिवस," मी म्हणालो. डोकंच फिरलं होतं माझं. "करार तर वाढू दे. जर्मन माणसाला हळद कुठून कळणार?"

"मला कळली ना," ती म्हणाली. "हे औषध उद्या कुणाच्या तरी आईला देतील, सुमित."

सकाळी जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं. प्रोफेसरबाई रागावल्या नाहीत, पण करारही वाढला नाही. मला फार वाईट वाटतंय. इतकी वर्षं ते पुराण मी जांभया देत ऐकलं, आणि आता जेवताना घरात कुणी बोलतच नाही.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. त्यांना अजून यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ईप्सितानं स्पीकरवर टाकला. "पुढच्या खंडेनवमीला जास्त हळद पाठवते हं. यंत्राला चांगली भरपूर लाव."

"पाठव," ईप्सिता म्हणाली. "मिक्सरला लावेन."

"मिक्सरला का गं?"

तिनं फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन उचलला आणि म्हणालो, "आई, इथे रेंज जातेय, नंतर करतो."