दुर्मीळ आडनावाचा शिक्का

वाचनालयाच्या सफाईवाल्या बाईंनी दुपारी सव्वातीनला पिस्तूल चौकीत आणून दिलं. टॉवेलात गुंडाळलेलं, पट्ट्यासकट. बायकांच्या शौचालयात खुंटीला टांगलेलं होतं.

पट्टा कॉन्स्टेबल ओरितोचा होता. आत गेल्यावर तो काढावाच लागतो. तिने काढला आणि तशीच बाहेर आली. वीस मिनिटं पिस्तूल बेवारस होतं. वाचनालयात बोभाटा झाल्यामुळे प्रकरण लपण्यासारखं नव्हतं. मुख्य ठाण्याने पाचच्या आत लेखी खुलासा मागवला.

चौकीप्रमुख कुझुमाकींनी नोंदवही उघडली. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला हे पिस्तूल तपासून कपाटात ठेवल्याची नोंद त्यात आधीच होती. शेजारी ओरितोच्या आडनावाचा शिक्का, जपानात सहीच्या जागी चालतो तो. चौकीतल्या नऊही जणांचे शिक्के एकाच खणात असत आणि दिवसभराच्या नोंदी दुपारच्या जेवणानंतर एकदम उरकल्या जात. सात वर्षं असंच चाललं होतं.

ओरितोने खुलाशात पट्ट्याचं लिहिलं आणि वहीचंही. कुझुमाकींनी कागद परत केला. तिची चूक तिने लिहावी, वहीपायी नऊ जण कशाला बुडवायचे, असं त्यांचं म्हणणं. एप्रिलमध्ये त्यांना बढती मिळणार होती. तिला फार तर ताकीद मिळेल, हेही त्यांनी सांगितलं.

"साहेब, पिस्तूल खरंच कपाटात आहे का ते बघायची सवयच आपल्याला राहिलेली नाही. मलाही नाही."

"हे वर कळवणार? वरून तपासणीला अधिकारी आला होता ना, त्यानेच मला शिकवलंय हे. वेळ वाचतो म्हणाला."

त्यांनी स्वतः पाच ओळींचा खुलासा लिहिला, 'वैयक्तिक निष्काळजीपणा' असा, आणि शिक्क्यासाठी खण उघडला. आठच शिक्के होते.

"तुझा कुठाय?"

"खिशात."

"कोपऱ्यावरच्या दुकानात तयार शिक्का शंभर येनला मिळतो, ओरितो."

"नेहमीच्या आडनावांचा मिळतो. ओरितो आडनावाचा कुणी तयार ठेवत नाही. सांगून करून घ्यावा लागतो, आठवडा जातो."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कुझुमाकींनी खण बंद केला. ओरितोने आपल्या मूळ कागदावर शिक्का मारला आणि सायकलवरून ठाण्यात नेऊन दिला.

साडेपाचला ती परतली, तेव्हा कुझुमाकी कपाटाशी वही घेऊन उभे होते. दुपारीच केलेली साडेपाचची नोंद खोडलेली होती. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पिस्तुलावरचा नंबर वाच," ते म्हणाले. "मोठ्याने."