पेटीचा कोट

या, असे जवळ सरकून बसा. दारात उभे आहेत त्यांनीही आत या, जागा होईल. आज तुम्हाला एका शिंप्याची गोष्ट सांगतो. त्याने जन्मभर माणसांना कपडे घातले आणि हात थकल्यावर एका लाकडी पेटीला कोट शिवला. खोटं वाटलं तर मध्येच उठून जा, माझी काही हरकत नाही. फक्त काजांपर्यंत थांबा.

"मास्तर, हे काय करून ठेवलंत?"

शेजारचा सुतार दारातच थबकला होता. मागच्या खोलीत भिंतीला दोन फळ्या टेकवलेल्या, आणि त्यांच्यापुढे शिंपी मास्तर, कानावर खडू, गळ्यात टेप, चेहरा पडलेला.

"पेटीच्या दोन्ही बाजू कापल्या," मास्तर म्हणाले. "एकीवर एक ठेवून बघितल्या. सुतभर फरक नाही."

"तेच तर. फरक पाहिजे होता. ह्या दोन्ही डाव्या आहेत."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कापड बेतताना ते दुहेरी घडी घालून बेततात. एक कात्री फिरली की डावं-उजवं दोन्ही सुटून येतं. पन्नास वर्षांत उजव्या बाजूचा वेगळा विचार करायची वेळ आली नव्हती. फळीला मात्र घडी पडत नाही. त्यांनी पुढून तिरकी उतरणारी पहिली बाजू कापली, तीच फळीवर ठेवून भोवती खडू ओढला आणि दुसरी कापली. आता दुसरी उजवीकडे लावायची तर उलटी लावावी लागणार. म्हणजे सागाचा गुळगुळीत पापुद्रा आत आणि खरखरीत, गाठीगाठींची पाठ बाहेर.

"मागच्या आठवड्यात काय, तर चारी बाजूंनी इंच-इंच जास्त," सुतार म्हणाला. त्याला आता हसू आवरेना. "म्हणे शिलाईत जायला. अहो मास्तर, लाकूड काही धुतल्यावर आटत नाही."

"झालं का बोलून?"

"झालं. नवीन फळी आणतो, उद्या संध्याकाळपर्यंत पेटी उभी करून देतो. तुम्ही बाजूला बसा."

"पेटी मीच करणार."

हा हट्ट कशासाठी, ते सांगतो. मास्तरांची बायको चाळीस वर्षं दुकानाच्या कोपऱ्यात बसून काजं करायची. मशीन खडखडायचं आणि त्या खडखडाटावर तिचं गाणं चालायचं. बहुतेक देवाचीच गाणी, एखादं खट्याळही. गिऱ्हाईक कोटाचं कौतुक करून जायचं ते मास्तरांचं. काजं कुणी केली हे कोण विचारतो? दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात मांडीवर पडला तो पडला, आणि गाताना जीभ अडखळायला लागली. तेव्हापासून ती गात नाही, ऐकते.

लेकीने तिला मोबाइलवर सगळी गाणी भरून दिली होती. पण डाव्या हाताचं जे बोट चाळीस वर्षं कापडाखाली सुई झेलत होतं, त्याला इतके घट्टे पडलेले की काचेला त्याचा स्पर्शच कळेना. ती बोट घासायची, दाबायची, आणि मग हाक मारायची, "कुणी आहे का रे?" दहा-वीसदा मारली असेल. नंतर तिने हाक मारणंच सोडलं.

"काच ओळखत नाही मला," एवढंच म्हणाली एकदा. कुणालाही 'एवढं दे' न म्हणता जगलेली बाई ती.

मास्तरांच्या मनाला ते लागून राहिलं. लेक कंप्युटरमधली. तिला म्हणाले, "तू आतलं यंत्र दे, मी बाहेरचं करतो." गाण्याची उभी पेटी, खुर्चीत बसून हात पोचेल एवढी, आणि पुढे चांगली जाडजूड दाबायची बटणं, मुठीनेही दाबता येतील अशी. तिला पुन्हा कुणाला हाक मारावी लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते त्यांच्या हातून व्हायला हवं होतं.

उजवी बाजू उलटी लावून पेटी उभी राहिली. लेकीने आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मशीन बिघडलं तर मी हात कुठून घालायचा? मागे तर भिंत आहे."

"आता हीच बाजू कापून भोक पाडा, म्हणजे शोभा पूर्ण होईल," सुतार म्हणाला. "वरून कापड डकवा. डिंकाचे डाग पडतील, पण चालतंय."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. जड, पण स्पष्ट. "डकवता कशाला? कोट घाला तिला. उघडमिट होईल असा."

तिघेही वळले.

"निळं सूटिंग आहे ना, वरच्या फळीवर. सहा बटणं." ती थांबली, श्वास घेतला. "काजं मी करीन."

"अगं, तुझा हात..."

"डावा आहे की. आणि उजवा तुम्ही द्या."

मग सहा काजांना तीन आठवडे लागले. ती डाव्या हाताने सुई चालवायची आणि मास्तर तिच्या उजव्या हाताच्या जागी कापड ताणून धरायचे. मशीनवर राज्य केलेला माणूस तिच्यापुढे ओणवा बसलेला.

"हलू नका."

"हललो नाही."

"हललात. टाका बघा कुठे गेला. उसवा."

दिवसाला दोन-तीनदा सुई मास्तरांच्या बोटात जायची. "चाळीस वर्षं हे असं टोचत होतं तुला?" त्यांनी एकदा विचारलं.

"मग काय, गंमत म्हणून गात होते?"

पहिलं काज वाकडं झालं. दुसरं त्याहून वाकडं. चौथं बघून सुताराने रंधा खाली ठेवला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचव्याच्या वेळी तिच्या ओठांतून काहीतरी गुणगुणणं निघालं. शब्द नव्हते, चाल होती. मास्तरांनी मान वर केली नाही. मान वर केली तर ती थांबेल, याची त्यांना भीती वाटली. सहावं अर्धं झालं आणि तिची बोटं आखडली. तीन दिवस वाट पाहिली, पण ती उघडेनात.

"पुरं करून टाका तुम्ही," ती म्हणाली.

मास्तरांनी सुई काढून ठेवली. "मला काजं येत नाहीत. तुला माहीत आहे."

साफ खोटं होतं ते.

उलट्या बाजूला भोक पाडलं, आणि पेटी तिच्या खुर्चीशेजारी लागली. कोट अंगाला असा बसला की खांद्याला सुरकुती नाही. सुतार उलट्या बाजूवरून हात फिरवत म्हणाला, "मास्तर, दोन्ही डाव्या कापल्यात तेच बरं झालं म्हणायचं." लेकीने वायर जोडली आणि सवयीने हात पुढे केला. मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

खुर्चीतून डावी मूठ उचलली गेली. बटण कट्‌कन आत गेलं आणि तिचं लाडकं गाणं खोलीभर झालं. ते संपलं तेव्हा तिने कुणाकडेही न पाहता पुन्हा मूठ उचलली. त्या दिवशी तेच गाणं आम्ही शेजाऱ्यांनी नऊ वेळा ऐकलं, आणि देवालाही ते ऐकू आलं असणार.

मास्तर शिवलेल्या प्रत्येक कोटाला आतून आपल्या नावाची पट्टी लावत. या कोटालाही लावली. लेकीने ती उलटून वाचली आणि नीट खाली केली. पट्टीवर आईचं नाव होतं.

आज ती खुर्ची रिकामी आहे. पेटी चालते, कोटाची पाच बटणं लागलेली असतात आणि सहावं मोकळं असतं. ते अर्धं काज मास्तरांनी कुणाला पुरं करू दिलेलं नाही.

तेव्हा आता उठाल, बाहेर गार आहे, कोटाची बटणं लावाल. लावताना बोट काजाशी क्षणभर थांबू द्या, आणि तिची आठवण काढा.