पुतळ्याचं माप

चौथा कॉश्च्यूमही परत आला, तेव्हा वहिनीने तो टेबलावर आपटला आणि भरतकामाच्या मशीनकडे असं पाहिलं, की मशीनला कान असते तर त्याने ते पाडले असते.

"आता काय म्हणाली?"

"सुरकुत्या पडतात म्हणाली," नवरा म्हणाला. "डावीकडे, फुलावर."

"कुठे? दाखव! एक तरी दाखव!"

तो बिचारा काय दाखवणार? बहीण पलीकडच्या गल्लीत, बायको इथे, आणि याच्या नशिबी नुसती ने-आण. "चहा टाकतो," म्हणून तो आत सटकला.

वहिनीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. टॉवेलवरची नावं, गणवेशांवरचे बिल्ले ही कामं ती डोळे मिटून करायची. त्या कापडांना काही शिस्त असते. पण हे पोहण्याचं कापड म्हणजे उच्छाद. धरावं तर निसटतं, सोडावं तर आखडतं. पहिल्या खेपेला नेहमीची टोकदार सुई वापरली, तर पाकळ्यांच्या कडेने भोकंच भोकं. मग गोल टोकाची सुई आणली आणि कापड अजिबात न ताणता भरलं, तर दुकानातल्या मापाच्या पुतळ्यावर चढवताना टाके तटातट तुटले. तिसऱ्या खेपेला तिने डोकं चालवलं. भरतकामाच्या रिंगमध्ये फक्त कापडाखाली लावायचा कडक पेपर बसवला, पुतळ्यावर कापड जेवढं ताणलं जातं तेवढंच ताणून त्या पेपरवर चिकटवलं आणि टाके विरळ ठेवले. फूल झकास उमटलं. पुतळ्यावर एक चुणी नाही. तरी तो कॉश्च्यूम परत आला. चौथा आणखी जपून केला, तोही परत! आणि कारण काय, तर सुरकुत्या!

एखादं गिऱ्हाईक असतं तर तिने केव्हाच वाटेला लावलं असतं. पण ही धाकटी नणंद. मुलींना पोहायला शिकवायची. लहानपणापासून सदा पाण्यात, म्हणून भाऊ तिला बेडकी म्हणायचा, आणि मग सगळेच म्हणायला लागले. गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला. बरी झाली, पण तलावाकडे फिरकली नाही. सगळे हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे नव्या वर्गाला हो म्हणाली, तेही एका अटीवर: कॉश्च्यूमवर डावीकडे मोठं फूल हवं. वर्ग सोमवारी सुरू होणार होता. बेडकीला पाण्यात न उतरायला निमित्तच हवंय आणि ते आपणच दर खेपेला भरून पाठवतोय, ही वहिनीची खरी भीती होती. या सोमवारी ती गेली नाही, तर पुन्हा कधीच जायची नाही. म्हणून तर राग आवरत नव्हता.

तिने पुतळ्याला कॉश्च्यूम चढवला, पुतळा काखोटीला मारला आणि तरातरा निघाली.

"कुणाला पळवून नेताय?" कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने विचारलं.

"नणंदेकडे पंचनाम्याला!"

नणंदेच्या खोलीत तिने पुतळा धाडकन उभा केला. "बघ. चांगले डोळे फाडून बघ. कुठे आहे सुरकुती?"

"याच्यावर नाहीच आहे."

"मग?"

"पोहायला हा जाणार आहे का?"

"मग तू घालून दाखव."

"नको."

"मग सुरकुत्या तुझ्या डोक्यात आहेत, बाई. कापडावर नाहीत."

बोलल्याबरोबर वहिनीने जीभ चावली. पुतळ्याच्या अंगावरचा कॉश्च्यूम नणंदेने ओरबाडून काढला, आत गेली आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा ती तो घालून उभी होती.

उजवीकडे कापड ताणून गुळगुळीत बसलं होतं. डावीकडे ताणायला खाली काही नव्हतंच. तिथे कापड आखडलं होतं, आणि ताणून भरलेलं ते देखणं फूल चुरगळून गोळा झालं होतं.

"आणि आतलं पॅड?" वहिनीने विचारलं. "दादाने आणून दिलेलं?"

"टबात बसून पाहिलं. पाणी पितं आणि वर चढतं. खांद्यापाशी आलं. मुलींना धरू की त्याला धरू?"

"मग हे मला सांगायला काय झालं होतं? चार कॉश्च्यूम, बेडके! चार! मी मशीनच्या नावाने बोटं मोडतेय!"

"तू विचारलंस कुठे? तू पुतळ्याचं माप घेतलंस."

इतकी वर्षं बेडकीचं प्रत्येक माप वहिनीने अंगावर टेप लावूनच घेतलं होतं. यंदा मात्र "पुतळा आहे की" म्हणाली. वेळ वाचवायला नाही. तिला तिकडे बघायचंच नव्हतं. वर्षभर ती नणंदेशी बोलताना एकतर तोंडाकडे बघत होती, नाहीतर चपलांकडे. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा.

"कात्री कुठाय?"

"कशाला?"

"दे म्हटलं ना!"

पुतळा कापडाचा, आत स्पंज भरलेला. वहिनीने त्याची डावी बाजू धरली आणि करकरा कापून टाकली.

"वहिनी! अगं दादा ओरडेल!"

"ओरडू दे. त्याचं पॅड आणि हा स्पंज, दोन्ही त्याच्या उशीत भरते."

तिने दाभणाने शिवण घातली. नणंद जवळ आली आणि शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "तिरकी गेलीय."

"तुझ्या डॉक्टरने काय मोठी सरळ घातलीय?"

नणंद हसायला लागली, हसता हसता खाली बसली आणि रडलीही. वहिनीने तेवढा वेळ तिच्याकडे नीट पाहिलं. मग पर्समधून टेप काढली.

"ऊठ. हात वर कर. हलायचं नाही."

पाचव्या खेपेला कापड डावीकडे जराही ताणलं नाही.

सोमवारी दुपारी बेडकी दुकानात आली. केसांतून पाणी गळत होतं, डोळे लाल झाले होते.

"फूल बसलं नीट?" मशीन थांबवून वहिनीने विचारलं. "काय म्हणाले लोक?"

"कुणी काही म्हणालं नाही. एका मुलीच्या नाकात पाणी गेलं, दुसरी कठडाच सोडेना. कुणाचं लक्ष असणार?"

"म्हणजे एवढी मरमर केली, आणि कुणी बघितलंसुद्धा नाही?"

"नाही," नणंद म्हणाली. "वहिनी, मीसुद्धा नाही."

वहिनीने ढिगातला एक टॉवेल ओढून तिच्या अंगावर फेकला. "पूस ते डोकं," ती म्हणाली. "सगळी फरशी ओली केलीस."