बावचीचं तेल

दातांच्या दवाखान्यात दाराशीच तिचं टेबल होतं. आलेल्या पेशंटला बसवायचं, नाव लिहून घ्यायचं, रडणाऱ्या पोरांना समजवायचं, हे काम ती कित्येक वर्षं करत होती. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून तुम्ही आत बसा. उपकरणं धुणं-उकळणं बघा. बाहेर जरा ताजा चेहरा हवा." ते इतक्या गोडीने बोलले की तीही हसली. घरी आल्यावर मात्र दिवा न लावता आरशासमोर बसून राहिली.

तिची सून क्रीम बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट होती. वनस्पतींमधलं काय सुरकुत्यांवर चालतं, हे शोधणं तिचं काम. सध्या ती बावचीच्या बियांतून काढलेल्या एका द्रव्याचं क्रीम तयार करत होती. काही बायका ते वापरून बघत होत्या. सासूचं उतरलेलं तोंड बघून तिने एक छोटी बाटली घरी आणली.

"रात्री वाटाण्याएवढं लावा, आई. लगेच काही दिसायचं नाही हं. दोन-तीन महिने धीर धरा."

"तोवर डॉक्टर मला फडताळात ठेवतील!" सासू म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या.

पण धीर धरणं तिच्या रक्तातच नव्हतं. आठवडा गेला तरी सुरकुत्या जागच्या जागी. मग तिच्या मनाने घेतलं, क्रीममधल्या थेंबभर अर्काने गुण येतो, तर नुसतं तेलच चोपडलं तर? कोणाला न सांगता तिने झाडपाल्याच्या दुकानातून बावचीचं तेल आणलं. सुट्टीच्या सकाळी तोंडभर लावलं आणि गच्चीवर गाद्या वाळत घालायला गेली. ऊन छान होतं, म्हणून तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद झाला. संध्याकाळपर्यंत गालांवर फोड आले, डोळे सुजले.

सून कामावरून आली आणि दारातच थबकली. "आई! हे क्रीमने झालं?"

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. पण या वयात तोंडाला तेल फासून उन्हात बसले, हे सुनेला सांगायचं? ती म्हणाली, "हो. दुसरं काय लावणार मी?"

बावचीच्या कच्च्या तेलात असं काही असतं की ऊन लागलं की कातडी भाजते. ते पार काढून टाकायचं, हीच तर सुनेच्या कामाची सगळी मेख होती. ते काढण्यात आपण चुकलो, असं ती धरून चालली. तिने लगेच साहेबांना फोन केला, मग क्रीम वापरणाऱ्या प्रत्येक बाईला. "वापरू नका, उन्हात जाऊ नका, माझी चूक झाली," असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. सासू पलीकडच्या खोलीत ऐकत होती.

मुलगा बायकोवर उखडला. "प्रयोगाला माझी आईच सापडली का तुला?"

गार पाण्यात फडकं पिळून सुनेने सासूच्या गालावर ठेवलं. "आई, फार आग होते का? माझ्यामुळे झालं हो."

सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोडांची आग परवडली, पण तो हात सोसवेना. तिने तो बाजूला सारला.

"तुझ्यामुळे नाही. मी कच्चं तेल लावलं. दुकानातून आणून."

मुलाने मान खाली घातली. सुनेने हातातलं फडकं पाण्यात टाकलं. मग म्हणाली, "तुम्ही इथून ऐकत होतात. मी सगळ्यांना फोन करत होते, आणि तुम्ही ऐकत होतात."



सकाळी सासू सुनेबरोबर कंपनीत गेली. सून नको म्हणाली, तरी गेली. तोंडावर पदर ओढून घ्यावासा वाटत होता, पण तिने घेतला नाही. तिथल्या गोऱ्यागोमट्या मुली वळून वळून बघत होत्या. साहेबांसमोर तिने सगळं सांगितलं, कच्च्या तेलाचंही आणि खोटं बोलल्याचंही. त्यांनी पाणी दिलं, काळजीने विचारपूसही केली. मग सुनेकडे वळून म्हणाले, "पण काम आम्ही कालच दुसऱ्या टीमकडे दिलंय. आता लगेच परत घेता येणार नाही."

फोड सुकले, गालांवर काळे डाग राहिले. दवाखान्यात ती न कुरकुरता आतल्या खोलीत बसू लागली. घरी सून कामापुरतं बोले. तेवढंही सासूला जड जाई, कारण त्यात कधी टोमणा नसे.

एकदा भांडी विसळताना तिने विचारलंच, "माफ केलंस का गं मला?"

"अजून नाही," सून म्हणाली. तिने पुढचं पातेलं सासूच्या हातात दिलं. "पण करेन."