ट्रायल रूममधले बटाटे

आज संध्याकाळी बालवर्गाच्या बाई तुटलेलं बटण घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला इतकं हायसं वाटलं, की मी धावत आत जाऊन इस्त्रीच्या टेबलाला मिठी मारली. टेबल गरम होतं. असो.

तुम्ही म्हणाल, एका बटणाचं एवढं काय? थांबा, पहिल्यापासून सांगते.

माझी आई शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्त्या जास्त. पँट आखूड करायची, चेन बदलायची, वजन वाढलेल्या माणसाला आपलं वजन वाढलंच नाही असं वाटेल इतपत शिवण सैल करायची. दुकान आमचं एवढंसं. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम. रूम म्हणायचं आपलं! आत एक आरसा, एक स्टूल आणि एक खुंटी.

दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आपला कोट कमरेत आत घ्यायला घेऊन आलं. मग थोड्या दिवसांनी पुन्हा आलं, तोच कोट आणखी आत घ्यायला. आईच्या तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नाही, पण टेप तिच्याशी बोलतो. तिनं मुकाट्यानं माप घेतलं, आतून घरातले बटाटे एका पिशवीत भरले, ते ट्रायल रूममधल्या स्टुलावर ठेवले आणि म्हणाली, "कोट घालून बघा. आणि आत कुणाची तरी पिशवी राहिलीये, ती पण घेऊन जा हो, मला अडचण होते." ते गिऱ्हाईक पडद्याआड गेलं ते बराच वेळ बाहेरच आलं नाही. आलं तेव्हा हातात पिशवी होती. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

झालं! मग कुणी ट्रायल रूममध्ये पीठ विसरून जायला लागलं, कुणी डाळ, कुणी तेल. ज्याला द्यायचंय तो पडद्याआड जाऊन ठेवणार, ज्याला हवंय तो पडद्याआड जाऊन घेणार. दुरुस्त केलेले कपडे द्यायला आई कोटाच्या उरलेल्या अस्तराच्या करड्या पिशव्या शिवते, त्याच पिशव्या सगळ्यांना. त्यामुळे रस्त्यानं करडी पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाकडे बघून कुणाच्या बापाला कळणार नाही, की आत पँट आहे का तांदूळ.

"पडद्याआड काय चालतं ते आपल्याला माहीत नसतं," असं आईनं मला बजावलं होतं. तेव्हा हे सोपं होतं, कारण तेव्हा मी कुणाशीच बोलायचे नाही. मामा मला 'मूकपट' म्हणायचा. मग यंदा शाळेच्या खेळांच्या दिवशी निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, सरांनी जी समोर दिसली तिच्या हातात माइक कोंबला, आणि ती मी होते. पहिल्या शर्यतीला मी माइक तोंडापासून हातभर लांब धरला होता. शेवटच्या शर्यतीला सरांना माझ्या हातातून माइक ओढून घ्यावा लागला. तेव्हापासून मामा मला 'भोंगा' म्हणतो. मला आवडतं!

तर ट्रायल रूम. बेकरीवाला उरलेले पाव आणून ठेवायला लागला, भाजीवाली कांदे, आणि एक दिवस एक आजोबा खरोखरच पँट घालून बघायला आत गेले ते धप्पकन कांद्याच्या पोत्यात बसले. "अहो, पँट नको, मला आधी बाहेर काढा!" त्या दिवशी आई म्हणाली, आता जागा बघायला हवी.

जागा दिली लॉन्ड्रीवाल्या काकांनी. दुकानापासून थोडं पुढे त्यांची लॉन्ड्री होती, गुडघे गेल्यापासून बंद. मोठी थोरली खोली, पुढे पायऱ्यांचं दार, बाजूला एक सपाट दार. काका तसे खडूस. "महिनाअखेरपर्यंत वापरा. लोक आले तर पुढचं बोलू. नुसती गोदामासारखी भरून ठेवलीत तर मी टायरवाल्याला देणार. तो मागे लागलाय माझ्या."

आणि मग आला मामा.

माझा मामा गोदामात सुपरवायझर आहे. माणूस सोन्यासारखा, पण त्याला बाणांचं वेड. त्याच्या घरी फ्रिजवरसुद्धा बाण आहे, मामी म्हणते तो दूध कुठंय ते विसरतो म्हणून. त्यानं सुट्टी टाकली, फळ्या ठोकल्या, लवकर खराब होणारं पुढे आणि टिकणारं मागे असं सगळं झकास लावलं. मग पिवळ्या रंगाचा डबा उघडला. पुढच्या दारावर मोठ्या अक्षरात 'देणारे'. बाजूच्या दारावर 'घेणारे'. आणि फुटपाथपासून आत येणारे पिवळेधमक बाण.

"गर्दी होणार ताई, शिस्त हवी," तो आईला म्हणाला.

देणारे आले. धो धो आले! फळ्या गच्च भरल्या. घेणारे मात्र पहिल्या दिवशी थोडे आले, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे, आणि मग कुणीच नाही. पाव कडक व्हायला लागले. बटाट्यांना मोड आले. मामा खूश. "बघ ताई, सगळ्यांची पोटं भरली! प्रश्न मिटला!"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या.

मला मात्र माहीत होतं. म्हणजे मला माहीत नसतं, पण माहीत होतं. आमच्या शाळेच्या बालवर्गाच्या बाई आईकडे नेहमी बटण तुटलं म्हणून यायच्या, ट्रायल रूममध्ये जायच्या आणि करडी पिशवी घेऊन निघायच्या. बटण लावलेला स्वेटर घालून बघायला कोण ट्रायल रूममध्ये जातं? त्यांच्या घरचे आजारी आहेत, छोटी मुलगी आहे, पगार औषधात जातो. बाण आल्यापासून त्या फिरकल्या नव्हत्या. मधल्या सुट्टीत त्या पोरांचे डबे उघडून द्यायच्या, स्वतःचा डबा नसायचा. "मला आज भूक नाही गं," असं म्हणत नुसतं पाणी प्यायच्या. मग एक दिवस एका पिल्लाच्या बुटाची नाडी बांधायला त्या खाली बसल्या आणि उठताना त्यांनी भिंत धरली. बराच वेळ धरली.

मी घरी आले ती आईसमोर जाऊन उभी राहिले. "आई, समज, कुणीतरी आहे. नाव नाही सांगत. त्या कुणाला तरी तू सरळ घरी नेऊन पिशवी का देत नाहीस?"

आईनं टाचण्या काढल्या. "हातात दिली की समोरच्याला आपल्याकडे बघून घ्यावी लागते. आणि ती जी कोण आहे, ती उद्या पोरांसमोर ताठ उभी राहणार आहे ना?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी पोरांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

मामाला आता शंका यायला लागली होती. महिना संपत आला होता. तो म्हणाला, "भोंगे, माइक आण. फुटपाथवर उभी राहा आणि ठणकावून सांग, या, लाजू नका, भरपूर आहे!" मला काय, निमित्तच हवं होतं. शाळेतला माइक मागून आणला. बाणांच्या मधोमध उभी राहिले, बटण दाबलं, घसा साफ केला. आणि समोरच्या चावीवाल्याच्या टपरीपाशी बाई दिसल्या, मुलीचा हात धरून. त्यांनी बाण बघितले. मला बघितलं. मुलगी इकडे ओढत होती, आणि बाईंनी तिला हळूच वळवलं आणि त्या पलीकडच्या फुटपाथनं निघून गेल्या.

मी माइक बंद केला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मूकपट पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीवाले काका काठी टेकत आले. फळ्यांकडे बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं. "हे गोदामच झालं की हो. उद्या टायरवाला येतोय."

आईनं दुकानातून आणलेली पिशवी पुढे केली. "तुमची पँट झालीये. आलाच आहात तर घेऊन जा."

करडी पिशवी. आणि पुढच्या दाराला पायऱ्या, काकांचे गुडघे दुखरे, म्हणून काका निघाले बाजूच्या सपाट दारानं. 'घेणारे' लिहिलेल्या. पिवळ्या बाणावरून चालत, स्कूटरकडे.

मी खिडकीत होते. समोर चावीवाला कुलूप ठोकत बसला होता. त्यानं काकांना बघितलं, पिशवी बघितली आणि हातोडी खाली ठेवली. फुटपाथवरून एक काकू चालल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. चावीवाला उठून जवळ आला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, बरं चाललंय ना घरी? काही लागलं तर सांगा हो. परका समजू नका."

"काय?" काका म्हणाले.

"नाही, वेळ काय कुणावरही येते."

"अहो, पँट आहे यात!"

"हो हो."

"माझी पँट!" काकांनी ती बाहेर काढून झेंड्यासारखी हलवली. "ही बघा! पँट!"

"पँटच असणार," चावीवाला मायेनं म्हणाला. "सगळ्यांची पँटच असते, काका."

मला इतकं हसू आलं की मी खिडकीच्या पडद्यात तोंड खुपसलं. पण काका हसत नव्हते. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते स्कूटरकडे गेलेच नाहीत. उलटे फिरले, पायऱ्यांच्या दारानं, गुडघे धरत, एकेक पायरी चढून आत आले आणि बटाट्याच्या पोत्यावर बसले. पँट मांडीवर.

"त्या दारापासून माझी स्कूटर किती लांब आहे हो?" त्यांनी मामाला विचारलं.

"कुठं लांब? ही काय, इथंच."

"मला गाव ओलांडल्यासारखं वाटलं," काका म्हणाले. "आणि माझ्याकडे तर खरंच पँट होती."

मामानं आपल्या बाणांकडे बघितलं. मग आईकडे. "म्हणजे पोटं नाही भरली, ताई?"

"नाही रे," आई म्हणाली.

तो असा उभा होता की मलाच रडू येईल असं वाटलं. आणि त्याच क्षणी माझा आवाज परत आला. "आई, मशीन इकडे आण! सगळं दुकानच इकडे आण! टेबल, टेप, सगळं! इकडे येणारा प्रत्येक जण कपडेच दुरुस्त करायला येईल ना मग!"

"हळू बोल, मी इथंच आहे," आई म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं काकांकडे बघितलं.

काकांनी पँटची घडी घातली. "टायरवाल्याला सांगतो, जागा शिवणकामाला दिली."

"कधीपर्यंत?"

"माझे गुडघे बरे होईपर्यंत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"होणार नाहीत म्हणतात," काका म्हणाले. "कायमचे."

मी काकांना मिठी मारली. ते म्हणाले, "बास, बास, पँट चुरगळेल."

मामानं दोन्ही दारांवरच्या अक्षरांवर आणि फुटपाथवरच्या बाणांवर रंग फासला. बाजूचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आणि वर पाटी लावली, 'कपडे दुरुस्ती', खाली एक बाण. एकच. तेवढा त्याला लावू दिला. लॉन्ड्रीत वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेल्या चादरी पडून होत्या, त्यांचे पडदे झाले, फळ्यांपुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एवढी मोठी ट्रायल रूम तुम्ही कुठे बघितली नसेल. आणि मग लोक यायला लागले. कोटवालं गिऱ्हाईक आलं. एक जण एकच मोजा घेऊन आला. "मोज्याची कसली ट्रायल?" मी म्हणणार होते, पण गिळलं. आई म्हणाली, "बघा आत जाऊन, नीट बसतोय का."

रोज मी दाराकडे बघत होते. बाई येत नव्हत्या.

आणि आज आल्या! हातात स्वेटर, सोबत मुलगी. "बटण तुटलंय."

"घालून बघा, तोवर दोरा शोधते," आई म्हणाली, जशी काही त्या कालच येऊन गेल्या होत्या.

पडदा पडला. दुकानात बरीच माणसं होती, मामा होता, चावीवाला होता, लॉन्ड्रीवाले काका होते. आणि पडद्याआडून छोटीचा खणखणीत आवाज आला, "आई! बिस्किटं! हे सगळं आपण घ्यायचं?"

माझ्या आईनं कापड न लावताच मशीन जोरात चालवलं. चावीवाल्याला खोकल्याची उबळ आली. काका काठी आपटत "उंदीर, उंदीर!" म्हणायला लागले. आणि मी? मी एका स्टुलावर चढले आणि शाळेतली शर्यत पहिल्या शिट्टीपासून पुन्हा सुरू केली! "आणि निळ्या शर्टची मुलगी पुढे, लाल मागे, अरेरे, लाल घसरली, उठली, धावतेय!" इतक्या मोठ्यानं, की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. आतून छोटीचं चकार अक्षर ऐकू आलं नाही. भोंगा असावा तर असा!

बाई बाहेर आल्या. हातात करडी पिशवी, फुगलेली. मान ताठ. छोटीच्या ओठांवर चुरा होता, तो मामानं रुमालानं पुसला.

"बटण आत्ता लावते," आई म्हणाली. "पण बाकीची पण सैल झालीत हां. एकेक करून आणत जा."

बाई म्हणाल्या, "आणते." आणि मग माझ्याकडे वळून, "शर्यत कोण जिंकलं गं?"

"लाल!" मी म्हणाले.

त्या हसल्या आणि चालत गेल्या, भर रस्त्यानं, पिशवी हलवत. चावीवाल्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आणि मी आत धावले, आणि मग ते टेबल. ते तर सांगितलंच.

आणि हो, एक राहिलं. त्या बालवर्गाच्या बाई नव्हत्या. स्वेटरही नव्हता. बिस्किटंसुद्धा नव्हती. कोण होत्या ते विचारायला येऊ नका. पडद्याआड काय चालतं ते मला माहीत नसतं.