माझ्या पोटातला कापूर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. नुसती पेटी म्हणालात तर मात्र मला राग येईल. माझ्या पोटात सयाजीची आठ वर्षं मुरली आहेत.

शाहूपुरीतल्या एका सुताराने मला घडवलं. आतून देवदाराचं अस्तर, आणि झाकण असं घट्ट की मुंगीलाही वाट नाही. माझा मालक सयाजी. उभा जन्म त्याने गडहिंग्लजच्या वखारीत तंबाखूची पानं निवडण्यात घालवला. काय नाक आहे त्याचं! पान चिमटीत धरून हुंगलं की ते कुठल्या शिवारातलं, हे तो सांगतो. तंबाखू अंगाला वाईट, असं तो नातवंडांना बजावत असतो. स्वतः वर्षातून एकच चिरूट पेटवतो, तोही परीक्षेपुरता.

त्याचा मित्र हंबीरराव हा पानांचा व्यापारी. चाळीस वर्षं त्याचं एकच पालुपद, "आपल्या मातीतलं काळं पान नुसतं कडू. त्येचा चिरूट व्हायचा न्हाय."

ते सयाजीच्या काळजाला लागलं. आपल्याच मातीतली जाड, काळपट पानं निवडून त्याने स्वतः पंचवीस चिरूट वळले आणि माझ्या स्वाधीन केले. "सात वर्सं मुरू देत, मग बोलू," म्हणाला.

माझं काम सुरू झालं. कोपऱ्यात ओली खापरी, म्हणजे पानं सुकत नाहीत. दर पंधरवड्याला सयाजी एकेक चिरूट कुशीवर वळवायचा. पहिल्या वर्षी वास असा उग्र की शिंक यावी. तिसऱ्या वर्षी मिरीचा. पाचव्या वर्षी त्यात गुऱ्हाळावरच्या काकवीचा गोडवा उतरला, आणि मी मनातून फुलून गेले.

सातवं वर्ष भरत आलं. हंबीररावाला दिवाळीत चव घ्यायला बोलावलं होतं. त्याआधी आली खंडेनवमी. घरातले विळे, कोयते, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा झाली. सयाजीची सून अक्षता मोठ्या मायेची. तिने मलाही पुसलं, हळदकुंकू लावलं आणि आत कीड लागू नये म्हणून कापराच्या चार वड्या चिरुटांशेजारी ठेवून झाकण लावलं. अहो, मला तोंड असतं तर मी बोंबच मारली असती!

पाचव्या दिवशी सयाजीने झाकण उघडलं आणि तो मागेच सरला.

"कापूर! सात वर्सं मातीत गेली की गं!" तो ओरडला. हंबीररावाला येऊ नको असा निरोप गेला. "बंबात घाला ती पेटी!"

"मामा, चूक माझी हाय, पेटीची न्हाय," अक्षता रडत म्हणाली. "उघडा ठेवला की कापूर उडतोय न्हवं? तसा वासबी उडंल. मला एक वरीस द्या."

पण दुसऱ्या दिवशी बंबात करवंट्याच गेल्या.

तिने चिरूट वास शोषणाऱ्या कोऱ्या मडक्यात झाकून ठेवले. मला गच्चीवर सावलीत उघडं मांडलं, आतून पॉलिश पेपरने घासलं. तेल नाही, अत्तर नाही. रोज सकाळी माझ्यात नाक घालून हुंगायची. बघता बघता तिचंही नाक तयार झालं. चार महिन्यांनी सयाजी सहज आल्यासारखा आला, त्यानेही हुंगलं आणि चिरूट पुन्हा माझ्यात मांडले.

पुढच्या दिवाळीत हंबीरराव आला. आधी न पेटवताच चिरूट ओढून पाहिला, मग पेटवला. धूर तोंडात घोळवत तो कितीतरी वेळ बसला. अक्षता दाराशी उभी होती.

"आयला सयाजी, काकवी हाय की ही! हरलो बाबा." मग तो थबकला. "पर मागनं कायतरी गार लागतंय. ते रं काय?"

सयाजीने सुनेकडे पाहिलं. "ती आमच्या अक्षताची चव. हितनं पुढं पानं तीच निवडणार."

मित्रांनो, यंदाही खंडेनवमीला माझी पूजा झाली. कुंकू झाकणावर, बाहेरून. तुम्हीही जुन्या वस्तूंवर माया करा, जरूर करा. फक्त त्यांना काय सोसतं, ते आधी जाणत्याला विचारा. आम्हाला तोंड नसतं हो.